मेंदूतल्या घरकरणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दरवर्षी न चुकता येते, पण माझी जागा नेहमी मागे, स्वयंपाकाच्या बाजूला. मसालेभाताचे पातेले आणि मठ्ठ्याचे पिंप यांच्यापाशी मला कसलीच भीती वाटत नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याची मात्र ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय घेतला आहे मेंदूचा! म्हणजे लहान तोंडी मोठा घास. मी अध्यक्षबाईंना तसे म्हटलेही. त्या म्हणाल्या, "तुम्ही भोगलंत ते सांगा आणि तुम्हाला समजलं तेवढंच सांगा. न समजलेलं सांगायला पुष्कळ लोक आहेत." तेव्हा मी आज तेवढेच सांगणार आहे. कागदावर लिहून आणले आहे, कारण पाठ केलेले ऐन वेळी विसरते.

मैत्रिणींनो, २०२२ च्या मार्चमध्ये माझी आई गेली. जुन्नरकडच्या आमच्या गावी दिवसकार्य उरकून मी डोंबिवलीला परत आले आणि दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागले. त्या वेळी मी घरी पोळ्या करून एका पोळीभाजी केंद्राला देत असे. रोजच्या साठ पोळ्या. मार्च गेला, एप्रिल गेला, सगळे सुरळीत चालले होते. लोक म्हणत, "बाई मोठी धीराची!" मलाही तसेच वाटत होते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माझ्यात काहीतरी थांबले. एके दिवशी सकाळी कणीक मळली, झाकून ठेवली आणि तिच्यासमोर बसले ती बसलेच. लाटणे हातात घ्यावे एवढे बळ अंगात येईना. केंद्राचा मुलगा दारात येऊन परत गेला. दुपारी सासूबाई उठून आल्या तेव्हा कणीक काळी पडली होती आणि मी तिथेच होते. त्या घाबरल्या. रडत होते म्हणाल तर तेही नाही. रडू आले असते तर बरेच झाले असते. रात्री तीनला डोळे उघडत, आणि पहाटेच्या पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत मी आढ्याकडे पाहत पडून राही. आषाढात लेकीने हौसेने पुरणपोळी केली, ती मला कागद चावल्यासारखी लागली. आपण नसलो तर या घराचे काय अडणार आहे, असा विचार मनात येई, आणि तो येतो याची मला भीतीही वाटेनाशी झाली. ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच चारचौघींत बोलते आहे.

कोणी म्हणाले, "पाळी जायची वेळ आली, असं व्हायचंच." कोणी म्हणाले, "तुला कमी काय आहे? घर स्वतःचं, मुलगी शिकतेय, नवरा निर्व्यसनी." मीही स्वतःला हेच विचारत होते, आणि उत्तर सापडत नसे म्हणून आणखी लाज वाटे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, थायरॉइड तपासले. सगळे ठीक निघाले. तेव्हा ते म्हणाले, "आता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." मी गेले, पण तोंडावर ओढणी घेऊन गेले, कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून.

तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतले. या आजाराला नैराश्य म्हणतात, हा स्वभावदोष नव्हे, यावर उपचार आहे, असे सांगितले. रात्री एक गोळी दिली आणि बजावले, "तीन-चार आठवडे लागतील. मधे बंद करू नका." मी दहाव्या दिवशी बंद केली. तोंड कोरडे पडे, मळमळे, आणि मन होते तिथेच. घरात मात्र 'घेते' म्हणून सांगत राहिले. गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यात खाली दडवली. पंधरा दिवसांनी लेक तांदूळ काढायला गेली आणि तिच्या हाताला ती पाकिटे लागली. ती मला रागावली नाही. डब्याशी बसून रडली. माझे डोळे त्या दिवशी उघडले.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मी धीर करून विचारले, "डॉक्टर, डोकं दुखलं तर गोळी अर्ध्या तासात लागू पडते. मग हिलाच महिना का लागतो?" ते हसले आणि म्हणाले, "बाई, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षे पडलेला आहे." त्यांनी सांगितले ते असे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हाती. त्यांतले एक सेरोटोनिन. गोळी घेतली की या रसायनाच्या व्यवहारात काही तासांतच बदल सुरू होतो. पण माणसाला बरे वाटायला काही आठवडे जातात, कारण त्या बदलामागोमाग मेंदूत पुष्कळ दुरुस्ती व्हावी लागते, आणि ती सावकाश होते.

ही दुरुस्ती करते कोण? घरी येताना रिक्षात मी लेकीला हेच विचारले. ती बी.एस्सी.ला आहे. तिने त्या रात्रीपासून मला थोडे थोडे वाचून दाखवायला सुरुवात केली. मी भाजी निवडत ऐके. आज तुम्हाला जे सांगणार आहे ते असे भाजी निवडता निवडता मिळालेले ज्ञान आहे.

शाळेत आपण शिकलो की मेंदूत चेतापेशी असतात आणि त्या निरोप नेतात. पण चेतापेशींच्या जोडीला मेंदूत दुसऱ्या पेशींचीही मोठी वस्ती आहे. रुडॉल्फ विर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८५६ मध्ये तिला नाव दिले न्यूरोग्लिया. ग्लिया म्हणजे डिंक. चेतापेशींना जागच्या जागी चिकटवून धरणारा डिंक, एवढीच त्यांची किंमत! पुढे शंभरावर वर्षे संशोधकांचे सारे लक्ष चेतापेशींकडे राहिले, आणि या पेशींना कोणी फारसे विचारले नाही.

त्या आहेत किती, हेही नीट मोजलेले नव्हते. चेतापेशींच्या दहापट आहेत असे पुस्तकांतून छापले जाई. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल या बाईंच्या गटाने माणसाच्या मेंदूतील पेशी मोजण्याची नवी रीत वापरून हिशेब मांडला. चेतापेशी सुमारे ८६ अब्ज निघाल्या, आणि बाकीच्या पेशी मिळून जवळजवळ तितक्याच. मला हे ऐकून हसू आले. घरातल्या बाईच्या कामाचाही हिशेब असाच. कोणी म्हणते दहा माणसांचे काम करते, कोणी म्हणते दिवसभर घरीच तर असते. मोजून पाहायला कोणी बसत नाही.

या पेशींचे मुख्य प्रकार तीन. एका प्रकारच्या पेशी चेतापेशींच्या लांब तंतूंभोवती वेष्टण घालतात. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते ना, तसे. त्यामुळे निरोप वेगाने जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी अगदी बारीक. त्या झाडलोट करतात आणि पहाराही देतात. कुठे इजा झाली, रोगजंतू शिरला, की तिकडे धावतात. तिसरा प्रकार आज माझ्या कामाचा आहे. त्यांचा आकार चांदणीसारखा म्हणून त्यांना तारकापेशी म्हणतात.

या तारकापेशींचा दिनक्रम ऐकाल तर तुम्हाला आपलाच वाटेल. त्यांचा एक हात रक्तवाहिनीवर, दुसरा चेतापेशीवर. रक्तातून आलेली साखर घ्यायची आणि चेतापेशीला पोषण पुरवायचे. चेतापेशी एकमेकींशी बोलताना ग्लुटामेट नावाचे रसायन सोडतात. बोलणे संपले की ते लगेच उचलावे लागते, कारण साचून राहिले तर चेतापेशींनाच अपाय होतो. तारकापेशी ते उचलतात, टाकून मात्र देत नाहीत. त्याचे रूप पालटून चेतापेशीला पुन्हा वापरायला देतात. आपण रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करतो, तसेच हे. शिवाय चेतापेशींच्या वाढीला आणि त्यांचे आपसातले धागे जुळायला लागणारी द्रव्येही त्या तयार करतात. म्हणून मी त्यांना मेंदूतल्या घरकरणी म्हणते. शास्त्रात असा शब्द नाही, हा माझा.

आता नैराश्याशी यांचा संबंध काय? १९९८ मध्ये अमेरिकेत डोस्ट ओंगुर, वेन ड्रेव्हेट्स आणि जोसेफ प्राइस या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मनोविकाराने आजारी असलेल्या आणि पुढे मरण पावलेल्या काही माणसांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. भावनांशी संबंध असलेला, कपाळाच्या मागच्या बाजूचा एक भाग त्यांनी घेतला आणि पेशी मोजल्या. घरी कोणाला हा आजार असलेल्या रुग्णांत त्या जागी चेतापेशींच्या संख्येत फरक दिसला नाही. कमी झाल्या होत्या त्या ग्लिया, म्हणजे मदतनीस पेशी. पुढे इतरांनाही मेंदूच्या काही भागांत अशी घट आढळली.

पण एवढ्यावरून आजार त्यांच्या कमतरतेमुळे झाला, की आजारामुळे त्या कमी झाल्या, हे ठरत नाही. घर विस्कटले म्हणून बाई आजारी पडली, की बाई आजारी पडली म्हणून घर विस्कटले? नुसते घर बघून सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

तो प्रयोग सांगण्यापूर्वी जरा आपल्या मुंबईत येऊ. डोंबिवलीहून गाडीने सीएसएमटीला उतरावे आणि बसने कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरला जावे. तिथे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. २००० सालापासून विदिता वैद्य या बाई तिथे संशोधन करीत आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. मनाच्या आजारांत मेंदूमध्ये काय घडते, सेरोटोनिन आणि नैराश्यावरची औषधे मेंदूवर काय करतात, हा त्यांचा विषय. उंदरांची पिल्ले लहानपणी रोज काही तास आईपासून दूर ठेवली तर मोठेपणी त्यांच्या वागण्यावर आणि मेंदूवर त्याचा ठसा कसा राहतो, याचाही त्यांच्या प्रयोगशाळेने अभ्यास केला आहे. २०१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सेरोटोनिन निरोप नेण्याखेरीज आणखीही एक काम करते. चेतापेशीच्या आत शक्ती तयार करणारी जी केंद्रे असतात, ती वाढवते. त्यांना २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. लेकीने हे वाचले तेव्हा मी तिला म्हटले, "बघ, मी कणकेपुढे बसले होते त्याच वर्षी एका बाईंना याच आजाराच्या अभ्यासासाठी एवढा मान मिळाला." मला फार आधार वाटला. ज्या गोष्टीची मी लाज बाळगत होते तिच्यावर माणसे आयुष्य वेचीत आहेत.

या विदिताबाईंनी पीएच.डी. केली ती अमेरिकेत येल विद्यापीठात, रोनाल्ड डुमन यांच्या हाताखाली. नैराश्याच्या संशोधनातले ते मोठे नाव. २०२० मध्ये ते वारले. मघाशी म्हटले तो प्रयोग याच गुरुजींच्या प्रयोगशाळेतला, २००८ सालचा. मुनिरा बनासर या त्यांच्या सहकारी. त्यांनी उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एक असे द्रव्य घातले, की ज्याने तिथल्या तारकापेशी मराव्यात आणि चेतापेशी शाबूत राहाव्यात. झाले काय? ते उंदीर साखरेच्या पाण्याकडे पूर्वीसारखे वळेनात. अडचणीतून सुटण्याची धडपड लवकर सोडून देऊ लागले. मग दुसऱ्या उंदरांत त्यांनी त्याच जागी चेतापेशींना मारणारे द्रव्य घातले. त्यांच्यात ही लक्षणे आली नाहीत. म्हणजे निदान त्या जागी तरी, घरकरणी गेल्या एवढ्यानेच घराची रया गेली.

साखरेचे पाणी ऐकताच मला माझी पुरणपोळी आठवली. निवडत होते ती मेथी खाली ठेवून मी लेकीला म्हटले, "हे पुन्हा वाच." उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळते. डॉक्टरांनीही तसे बजावून सांगितले. तरीपण आपल्या तोंडाची चव जाते तेव्हा ते आपले नखरे नसतात, मेंदूतच काही बिघडलेले असू शकते, हे पहिल्यांदा मनाला पटले.

आता उपचाराकडे वळते. जर्मनीत बोल्डिझार चेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खारीसारखा दिसणारा, झाडावर राहणारा एक लहान प्राणी आहे. अशा प्राण्यांना त्यांनी काही आठवडे सतत आपल्याहून दांडग्या सोबत्याच्या धाकात ठेवले. स्मरणाशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागातील त्यांच्या तारकापेशी संख्येने कमी झाल्या आणि आकाराने आक्रसल्या. काही प्राण्यांना मात्र या काळात फ्लुओक्सेटिन दिले होते. नैराश्यावर डॉक्टर माणसांना देतात त्यांतलेच हे एक औषध. त्यांच्या तारकापेशींची संख्या घटली नाही. आकाराचे आक्रसणे मात्र औषधाने थांबले नाही. म्हणजे औषधाने निम्मे काम केले म्हणा. पण ज्या गोळ्या केवळ चेतापेशींसाठी असे वाटत होते, त्यांचा हात मदतनीस पेशींपर्यंतही पोचतो, हे यातून दिसले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या तारकापेशींना अशी औषधे दिली की त्या चेतापेशींना जपणारी द्रव्ये अधिक सोडतात, असेही पाहण्यात आले आहे. आठवडे का लागतात, याच्या उत्तराचा एक भाग इथे असावा असे पुष्कळ संशोधकांना वाटते. वाढ आणि डागडुजी ही कामे एका रात्रीत होत नाहीत. पावसात गळलेली भिंत रंगाचा हात मारून सुधारत नाही. आधी ती वाळावी लागते.

नवे काम चीनमधून आले. २०१८ मध्ये हू हाइलान या बाईंच्या प्रयोगशाळेने मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, हबेनुला नावाच्या एका चिमुकल्या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षाभंग झाला, वाईट घडले, की हा भाग जागा होतो. नैराश्यासारखी लक्षणे असलेल्या उंदरांत तिथल्या तारकापेशींवरची पोटॅशियमची दारे वाजवीपेक्षा वाढली होती, आणि त्यामुळे तिथल्या चेतापेशी एकसारख्या झुंडीने इशारे देत सुटल्या होत्या. ती दारे कमी केली तेव्हा उंदरांची लक्षणे ओसरली. केटामाइन नावाचे भूल देण्याचे जुने औषध आहे. ते थोड्या मात्रेत दिले तर काही रुग्णांचे नैराश्य काही तासांतच हलके होते. हे औषध त्या झुंडीच्या इशाऱ्यांना आवर घालते, असे याच प्रयोगशाळेने दाखवले. याच जातीचे नाकात फवारण्याचे एक औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. पण ही औषधे दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. ऐकले म्हणून कोणी मागवू नये.

सगळेच प्रयत्न फळले असे नाही, आणि तेही सांगितले पाहिजे. रिलुझोल नावाचे औषध ग्लुटामेटच्या व्यवहारावर काम करते. सततच्या ताणाने उंदरांच्या मदतनीस पेशींत झालेला बिघाड त्याने सुधारला, असे डुमन यांच्या प्रयोगशाळेला दिसले. मोठी आशा निर्माण झाली. माणसांवर चाचणी घेतली, तिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गोळीच्या जोडीला रिलुझोल दिलेले रुग्ण आणि खोटी गोळी दिलेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही. तेव्हा केवळ या मदतनीस पेशींसाठी म्हणून बनवलेली नैराश्यावरची गोळी आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. संशोधन चालू आहे. तोवर जी औषधे आहेत आणि जे समुपदेशन आहे, त्यांनी पुष्कळ माणसे बरी होतात. त्यांतली एक तुमच्यासमोर उभी आहे.

माझे पुढे काय झाले ते सांगते. गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी ती लेक देई आणि मी तिच्यासमोर घेई. पहिले दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे मी पहिल्या लोकलच्या आवाजाने जागी झाले. जागी झाले याचा अर्थ तोवर झोपले होते! पाचव्या आठवड्यात आमटीत मीठ कमी आहे हे माझ्या लक्षात आले. सासूबाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी देवापुढे साखर ठेवली. वर्षभर औषध घेतले. मग डॉक्टरांनीच ते हळूहळू कमी करीत बंद केले. मी आपल्या मनाने काही केले नाही.

आणि या सर्व काळात एक गोष्ट घडत होती. आमच्या मजल्यावरच्या एक काकू रोज अकरा वाजता आपली भाजी घेऊन माझ्याकडे येत. "आमच्याकडे फार उकडतं गं," म्हणत आणि जमिनीवर बसून गवार मोडू लागत. 'कशी आहेस' म्हणून त्यांनी कधी विचारले नाही. 'मन रमव, देवाचं नाव घे' असे सांगितले नाही. मी बोलले नाही तर त्याही बोलत नसत. पहिले कित्येक दिवस मी नुसती बघत राही. मग एके दिवशी माझा हात आपोआप त्यांच्या ताटात गेला आणि मी एक शेंग मोडली. काकूंनी ते पाहिले, पण पाहिल्यासारखे दाखवले नाही. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडायचे नाही.

काकूंच्या येण्याने माझ्या तारकापेशी वाढल्या, असे मी म्हणणार नाही. तसे कोणी मोजलेले नाही. गोळीने गोळीचे काम केले आणि काकूंनी काकूंचे. पण काकू नसत्या तर गोळीचे काम होईपर्यंतचे ते आठवडे मी कसे काढले असते, हे मला सांगता येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' नावाचा मराठी चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०१७ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. त्यातली बाई स्वतः या दुखण्यातून गेलेली असते. ती एका खचलेल्या मुलाला घरी आणते आणि तू कोण, कुठला, असे विचारून त्याला भंडावत नाही. तो चित्रपट पाहताना मला पडद्यावर गवार दिसत होती.

मैत्रिणींनो, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य आलेले आढळले. बायकांत ते अधिक, चाळीस ते एकोणपन्नास वयात अधिक आणि मोठ्या शहरांत अधिक. म्हणजे ही गोष्ट दूरची नाही. या सभागृहात शंभर खुर्च्या असतील तर पाचांवर तरी माझ्यासारखी कोणी बसलेली असणार. त्या पाचजणींना मला सांगायचे आहे, की तोंडावर ओढणी घेऊन का होईना, पण डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे जाण्यासारख्या जागा आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, आयपीएच, आहे. आणि अगदी घराबाहेर पडवत नसेल तर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसा, रात्री केव्हाही, मराठीतून बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत. रात्री तीनला डोळे उघडतात त्यांनी हा क्रमांक लिहून ठेवावा.

बाकीच्या पंचाण्णव जणींना माझी एक विनंती आहे, आणि ती मी कार्यकारिणीपुढेही ठेवते. आपल्या सभेला दर महिन्याला हजेरी घेतली जाते. जी बाई लागोपाठ दोन सभांना आली नाही, तिच्याकडे आपल्यापैकी एकीने जावे. वर्गणीची पावती घेऊन नको, आपल्या घरची भाजी घेऊन जावे. तिच्याकडे बसून ती निवडावी. उपदेश करू नये. ती औषध घेत असेल तर 'कशाला गोळ्यांच्या नादी लागतेस' असे चुकूनही म्हणू नये. 'तीन-चार आठवडे लागतात, माझ्या ओळखीच्या एकीला लागले होते,' एवढे सांगितले तरी पुरे. माझे नाव सांगितले तरी चालेल. आता मला लाज वाटत नाही.

मेंदूतल्या मदतनीस पेशींना डिंक म्हणून बाजूला ठेवले, आणि त्यांच्यावाचून काय अडते ते कळायला दीडशे वर्षे गेली. आपण एकमेकींच्या बाबतीत इतका उशीर करू नये.

हल्ली मी पुन्हा पोळ्या करते. साठ नाही, तीस. तेवढ्या पुरतात. कणीक मळून झाली की क्षणभर तिच्यावर हात ठेवते आणि मगच लाटायला घेते.

माझे बोलणे लांबले.  मागे मसालेभात निवतो आहे, त्याच्याकडे मलाच बघायला हवे.